‘नाद’ खोडून ‘छंद’ : विद्यार्थ्याच्या वहीतील शब्दांचा इतिहास

विश्रांतवाडी हे नाव दोन वेगळ्या घरांतून आलेल्या शब्दांचे आहे. ‘विश्रांत’ संस्कृत कोशातून जसाच्या तसा उचललेला, तर ‘वाडी’ पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेला. हे नाव शुद्ध करण्याचे कोणा पंडिताच्या मनात आले नाही हे आपले भाग्य. नाहीतर आळंदी रस्त्यावरच्या या गजबजलेल्या वस्तीत ‘विश्रांतवाटिका’ अशी पाटी लागली असती आणि बसच्या वाहकाची पंचाईत झाली असती. येथे शिकणारी मुले आपल्या पत्त्यात हा संकरित शब्द रोज लिहितात आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. खटकते ते निबंधाच्या वहीत.

तशी एक वही आम्हांला पाहावयास मिळाली. विश्रांतवाडीतल्याच एका नववीतल्या मुलाची. विषय अर्थातच ‘माझा आवडता छंद’. मुलाचे घर मूळचे लातूरकडचे, आणि आता लोहगावच्या धावपट्टीकडे जाणारी विमाने ज्यांच्या गच्चीवरून दिसतात अशा इमारतींपैकी एकीत. तो विमानांच्या वेळा टिपून ठेवतो. हवाई दलाचे सुखोई केव्हा गेले, प्रवासी विमान किती उशिरा आले, पावसाळ्यात आवाज आधी येतो की दिवे आधी दिसतात, अशा नोंदी. विमान ‘उतरले’ म्हणावे की ‘लँड झाले’ म्हणावे यावरही त्याने अर्धे पान खर्ची घातले आहे. बसमधून आपण उतरतो, बस स्वतः उतरत नाही, विमान मात्र स्वतःच उतरते, हे त्याचे निरीक्षण एखाद्या व्याकरणकाराने उचलावे इतके नेटके आहे. निबंधाचे पहिले वाक्य होते, मला विमानांचा नाद आहे. शिक्षकांनी लाल शाईने ‘नाद’ खोडून वर ‘छंद’ लिहिले होते. त्याच्या शेजारी समासात मुलाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते की विमानाला नाद असतोच ना.

शिक्षकांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांचा हात सवयीने चालला, आणि ती सवय त्यांच्याहून पुष्कळ जुनी आहे. ‘नाद’ अशिष्ट आणि ‘छंद’ शिष्ट, हे कधी व कसे ठरले? येथे मौज अशी की दोन्ही शब्द सारखेच संस्कृत आहेत. कुळाच्या शुद्धतेवरून निवड करायची तर दोघांत डावेउजवे काहीच नाही.

संस्कृतात एकमेकांच्या जवळचे दोन शब्द आहेत, ‘छन्दस्’ आणि ‘छन्द’. पहिल्याचा अर्थ वृत्त, आणि वेदही. पाणिनी एखादे रूप ‘छन्दसि’ होते असे म्हणतो तेव्हा ते वेदभाषेत होते असे त्याला सांगायचे असते. दुसऱ्याचा अर्थ इच्छा, मर्जी, लहर. मराठीने दोहोंना एकाच रूपात सामावून घेतले आणि मग त्या रूपाला आपल्या मातीतले वळण दिले. छंद ‘लागतो’. तो आपण निवडत नाही, जसा ताप येतो तसा तो येतो. कीर्तनकारांना हरिनामाचा छंद लागला, आणि त्याच क्रियापदाने घरातल्या कर्त्या मुलाला तमाशाचाही छंद लागला. ‘छंदीफंदी’ म्हणजे घरदार उधळणारा. ‘छंदिष्ट’ हे विशेषण सासरकडच्यांनी जावयासाठी राखून ठेवलेले. ‘स्वच्छंदी’ला बरे दिवस आले ते कवितेतल्या पाखरांमुळे, माणसाला स्वच्छंदी म्हटले तर त्यात अजूनही कपाळावरची आठी दिसते. म्हणजे नादाची जी बदनामी आहे ती एकेकाळी छंदाचीही होती.

मग छंद सुटला कसा? आमच्या मते त्याला इंग्रजीच्या दारातून सुटका मिळाली. शाळा आणि कचेरी यांनी दिवसाचे तुकडे पाडले, त्यातून ‘फावला वेळ’ नावाचा एक तुकडा उरला, आणि त्या तुकड्यात सभ्य माणसाने काय करावे याला इंग्रजीत ‘हॉबी’ हे नाव होते. गंमत म्हणजे ‘हॉबी’चाही भूतकाळ फारसा सभ्य नाही. हॉबी म्हणजे मुळात लहान चणीचा घोडा, त्यावरून ‘हॉबी-हॉर्स’ म्हणजे पोरांनी पायांत धरून पळवायचा काठीचा घोडा, आणि त्यावरून मोठ्या माणसाचे हास्यास्पद वेड. लॉरेन्स स्टर्न याने अठराव्या शतकात ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीत हा शब्द थट्टेसाठीच मनसोक्त वापरला आहे. पुढे तो घोडा माणसाळला, शाळेत आला. त्याच्यासाठी मराठी शब्द शोधताना हौस, शौक, नाद, वेड, छंद, आवड, विरंगुळा इतके उमेदवार रांगेत उभे होते. हौसेत थोडा खर्च होता, शौकात अत्तराचा वास होता, वेडात धोका होता, आणि नाद तर नादीच लावणारा. छंदाकडे मात्र एक जमेची बाजू होती. कवितेच्या वृत्तालाही छंदच म्हणत, आणि त्या थोर नातेवाइकाच्या पुण्याईवर त्याचे जुने गुन्हे माफ झाले असावेत. तिकिटे जमवणे, बागकाम आणि वाचन या तीन पाहुण्यांना घेऊन तो परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत जाऊन बसला.

‘छंद लागणे’ आणि ‘छंद जोपासणे’ यांत जो फरक आहे तो केवळ क्रियापदाचा नाही. पहिल्यात माणूस सापडलेला आहे, दुसऱ्यात तो माळी आहे. आमच्या मुलाला विमाने लागली होती, त्याने ती जोपासली नव्हती. लाल शाईने शब्द बदलला तेव्हा त्याच्याबरोबर अनुभवही बदलला, आणि वर विमानाचा आवाजही बंद झाला, कारण नादातला ध्वनी छंदात नाही.

रोजच्या विचारांची गोष्टही याहून वेगळी नाही. आज विद्यार्थ्यांना ‘दैनंदिनी लिहा’ असे सांगतात. त्याआधीचा शब्द ‘रोजनिशी’, आणि तिचा जन्म दरबारातला. पेशव्यांच्या रोजनिशींचे वेचे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले. त्यांत सवाई माधवरावाच्या कारकिर्दीचेही खंड आहेत. १७७४ साली जन्मलेला आणि पाळण्यातच पेशवा झालेला हा मुलगा १७९५ साली, एकविसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावाच्या रोजनिशीत सनदा आहेत, इनामे आहेत, दंड आहेत, नेमणुका आहेत. मुलगा नाही. पर्वतीच्या पायथ्याशी त्याने शिकारखाना बाळगला होता, जनावरांची त्याला फार आवड होती, हे आपल्याला कळते, पण त्या आवडीला तो स्वतः काय म्हणत असे ते त्या हजारो नोंदींत कोठेही उतरलेले नाही. रोजनिशी राज्याची होती, तिच्यात मन लिहायची चाल नव्हती. मन लिहिण्यासाठी माणसाला स्वतःचा शब्द लागतो, आणि तो एकदा लिहून भागत नाही. अ‍ॅन फ्रँक या चौदा वर्षांच्या मुलीने १९४४ च्या मार्च महिन्यात नभोवाणीवर ऐकले की युद्धानंतर सामान्य लोकांच्या दैनंदिन्या गोळा केल्या जातील. त्यानंतर ती आपलीच दैनंदिनी पुन्हा लिहायला बसली, वाक्ये गाळू लागली, शब्द बदलू लागली. त्या घरात लाल शाई होती ती तिच्या स्वतःच्या हातात, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

शब्द बदलण्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा भाषाशुद्धीकडे वळते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचला गेलेला राज्यव्यवहारकोश हे तिचे पहिले ठाणे. मग स्वातंत्र्यवीर सावरकर. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–३७) त्यांनी ही चळवळ नेटाने चालवली. उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर आज प्रत्येक विद्यार्थी जे ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ लिहितो ते त्यांचेच देणे. तारीख आणि नंबर मेले नाहीत. ते बोलण्यात राहिले, दिनांक आणि क्रमांक कागदावर राहिले. फाउंटन पेनसाठी सुचवलेली ‘झरणी’ मात्र शाईसकट वाळून गेली. आणि शाई तरी कोठली? फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा, हे तिचे माहेर. पाठीवरचे ‘दप्तर’ फारसीतून आलेले, आणि त्याच्याही मागे ग्रीक भाषेतला कातड्याचा शब्द उभा आहे. पेशव्यांचे दप्तर आणि पहिलीतल्या पोराचे दप्तर यांना एकच नाव आहे ही गोष्ट आम्हांला नेहमीच आवडत आली आहे. उलट ‘इयत्ता’ ऐकायला अरबी वाटते, आणि ती निघते अस्सल संस्कृत, ‘एवढेपणा’ या अर्थाची.

या चळवळीतली सर्वांत चटका लावणारी व्यक्ती आमच्या दृष्टीने माधव जूलियन. पुण्यात फारसीची प्राध्यापकी केलेला, मराठीत गझल रुजवणारा, १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारा हा कवी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितो. ज्या शब्दांवर त्याने उमेदीची वर्षे जीव लावला त्यांनाच तो दाराबाहेर काढायला निघतो. त्याच सुमारास ‘छंदोरचना’ या त्याच्या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठ त्याला डी. लिट. देते. एका माणसाच्या आयुष्यात छंद आणि नाद असे शेजारी नांदलेले क्वचितच सापडतील. त्याच्या निष्कर्षांशी आमचे जुळत नाही, पण त्याने प्रत्येक शब्द उचलून उजेडात धरून पाहिला होता, आणि टाकला तोही ओळखीचा झाल्यावर टाकला. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु भाषाशुद्धीचा हा सारा वाद शब्दाच्या कुळाचा वाद आहे. आमच्या मुलाच्या वहीत जे घडले त्याचा उलगडा तिथे होत नाही, कारण ‘नाद’ कुळाने शुद्धच होता. तो खोडला गेला तो संगतीमुळे. तो कोणाच्या तोंडी असतो, बैलगाड्यांच्या शर्यतीत, तमाशाच्या फडात, गल्लीच्या कोपऱ्यावर, यावरून त्याची किंमत ठरली. शुद्ध-अशुद्ध हा एक न्याय, आणि शिष्ट-अशिष्ट हा दुसरा. पहिल्यावर पुस्तके लिहिली गेली. दुसरा मुकाट्याने शाळेत शिकवला गेला, म्हणून तो अधिक टिकाऊ ठरला.

या दुसऱ्या न्यायाचा इतिहास पाहायला विश्रांतवाडीहून फार लांब जावे लागत नाही. आळंदी रस्त्याने पुण्याकडे निघाले की फुलेनगर लागते, आणि पुढे येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची दगडी इमारत. ही संस्था मूळची १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली पाठशाळा. पुढे ती पूना कॉलेज झाली आणि १८६८ साली शहराबाहेर या टेकाडावर आली. विश्रामबागेतून निघून विश्रांतवाडीच्या वाटेला लागलेल्या या संस्थेत विद्यार्थ्यांना विश्रांती कितपत मिळाली कोण जाणे. पूना कॉलेजच्या दिवसांत मेजर थॉमस कँडी तिचे प्रमुख होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांचा हात लागलेला, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांच्या नावाने ओळखला जातो, शालेय पुस्तकांची मराठी त्यांच्या नजरेखालून जाई. मराठी वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा हे ज्यांनी ठरवले त्यांत हा इंग्रज गृहस्थ अग्रभागी होता. एका परकीयाने केलेल्या नियमांत आपण आपल्या मुलांची मराठी तपासू लागलो, यावर रडायचे की हसायचे ते ज्याने त्याने ठरवावे. कँडी यांची मेहनत आणि मराठीवरील प्रेम मात्र निःसंशय होते.

त्याच कॉलेजातून १८७२ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर पदवी घेऊन बाहेर पडले. विद्यार्थिदशेतच ते वडिलांच्या ‘शालापत्रक’ मासिकात लिहीत होते, म्हणजे शाळेसाठी मराठी कशी असावी याचा सराव त्यांना विशीच्या आतच झाला होता. १८७४ च्या जानेवारीत निबंधमाला निघाली आणि तिचा पहिला निबंध होता ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’. मराठी गद्याला त्यांनी कणा दिला हे आम्ही मान्य करतो, आणि मराठीच्या प्राध्यापकांना ते अमान्य करण्याची सोयही नाही. पण त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाची त्यांनी जी टवाळी केली ती वाचताना आमच्या समोर ती लाल शाई येते. फुले काय म्हणतात यापेक्षा ते कोणत्या रूपात म्हणतात, विभक्ती कोठे चुकली, शब्द कसा लिहिला, याकडे बोट दाखवून मूळ मुद्दा बाजूला सारणे ही युक्ती तेव्हापासून आपल्या समीक्षेच्या हाताशी आहे. शब्द सुधारल्याने माणसाला उत्तर द्यावे लागत नाही.

काळाचा न्याय असा की पुढे याच डेक्कन कॉलेजात ना. गो. कालेलकर भाषाशास्त्र शिकवू लागले. भाषा ही बोलणाऱ्या समाजाची असते आणि शास्त्राच्या दृष्टीने कोणतीही बोली दुसरीहून हीन नसते, हा विचार त्यांनी अत्यंत शांत मराठीत मांडला. ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या त्यांच्या पुस्तकाला १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला, पण निबंध तपासण्याची रीत बदलली नाही. त्याच आवारात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश चालू आहे, दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून टिपून काढलेल्या लाखो चिठ्ठ्या कपाटांत लावलेल्या आहेत. अकारापासून निघालेल्या त्या कामात ‘छ’ यायला पिढ्या जातील. तोवर ‘छंद’ शब्दाचा निवाडा शाळेनेच करायचा आहे.

येथे आम्हांला १८५५ साली मागे जायचे आहे, कारण पुण्याच्या विद्यार्थिलेखनातला सर्वांत मोठा निबंध निबंधमालेच्या एकोणीस वर्षे आधीचा आहे. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली, मांग जातीतली चौदा वर्षांची मुलगी. तिचा ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत आला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. निबंध कसा लिहावा याचा मराठीतला नमुना तिच्यासमोर जवळजवळ नव्हता, आणि जो होता तो तिच्या घरातला नव्हता.

या मुलीने काय केले? वेद आमचे नाहीत असे तुम्ही सांगता, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने सरळ देवालाच विचारला. ज्या ‘छन्दस्’चा उच्चार तिला निषिद्ध होता, त्या निषेधालाच तिने युक्तिवादाचा पाया बनवले. पेशवाईच्या शेवटच्या काळात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचे काय होई, इमारतींच्या पायांत कोणाला गाडले जाई, बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही कसे नसे, हे तिने ज्या शब्दांत सांगितले ते तिच्या वस्तीतले शब्द होते. धर्म, वेद, ग्रंथ हे शाळेने दिलेले शब्द, आणि बाळंतपण, थंडीवारा, भूक हे घरचे, असे दोन्ही तिच्या वाक्यांत एकत्र चालतात, आणि कोठेही शिवण दिसत नाही. विद्यार्थिनीचा रोजचा विचार म्हणजे काय, याचे उत्तर या निबंधात आहे. तिला रोज जे दिसत होते तेच तिने लिहिले. छंदाला लागणारा फावला वेळ तिच्या वस्तीत कोणाकडे नव्हता.

वर्गात आम्ही हा निबंध शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना दोन शीर्षके फळ्यावर शेजारी लिहून दाखवतो. १८५५ चे ‘दुःखाविषयी’ आणि १८७४ चे ‘स्थिती’. पदवीधर लेखकाने ‘स्थिती’ निवडला. तो तटस्थ शब्द आहे, अहवालात शोभणारा, लेखकाला विषयापासून एक हात दूर ठेवणारा. शाळकरी मुलीने ‘दुःख’ लिहिले. ज्याचे आहे त्यानेच उच्चारावा असा तो शब्द. एखाद्या दक्ष परीक्षकाने तिची वही तपासली असती तर ‘मांगमहारांची स्थिती’ असे तिथे सहज झाले असते, आणि शैली सुधारल्याबद्दल दोन गुण वाढलेही असते. दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो की मग मुक्ताची वही कोणी तपासली. तिच्या शाळेचे संस्थापक जोतीराव होते एवढे आम्ही सांगतो. त्यांच्या स्वतःच्याच मराठीत चिपळूणकरांना चुका सापडल्या होत्या.

‘नाद’ शब्दाची मधल्या काळातली हकीकतही थोडी सांगून टाकतो. शाळेने त्याला बाहेर ठेवले, पण कोल्हापूरकडून ‘नादखुळा’ हा शब्द निघाला आणि त्याने साऱ्या महाराष्ट्रात स्तुतीचा कळस गाठला. जे वेड लावते ते उत्तम, असा त्याचा हिशेब. प्रमाण भाषेला स्तुतीचे इतके दणकट विशेषण गेल्या पन्नास वर्षांत घडवता आले आहे असे आम्हांला वाटत नाही. परीक्षेत ते चालत नाही. परीक्षा संपल्यावर बाहेर येऊन पेपर कसा गेला हे सांगताना मात्र विद्यार्थ्यांना तेच लागते.

मुक्ताचा निबंध ‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायलींतून पुन्हा लोकांसमोर यायला शतकाहून अधिक काळ लागला. १९९१ साली सुसी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संग्रहाच्या पहिल्या खंडात तो अनुवादित होऊन आला. अनुवादकाराला ‘दुःखा’साठी इंग्रजीत कितीतरी शब्द मिळाले असते, अहवालांतून झिजलेले, अवस्था आणि समस्या दाखवणारे. तेथे निवडला गेला तो ‘ग्रीफ’, जो इंग्रज माणूस घरातले कोणी गेल्यावर वापरतो.